ड्रेक्स एस्टेरोची कालवशेती: ती बंद करणे योग्य होते का?

तटरेखा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला पॉइंट रेयस हे भूशिर आहे आणि त्याच्या पोटात ड्रेक्स एस्टेरो नावाची अनेक फाटे फुटलेली उथळ खाडी आहे. या खाडीत १९३०च्या दशकापासून कालवांची (ऑयस्टर या शिंपल्यातल्या जीवांची) शेती होत होती. १९५०च्या दशकात ती जॉन्सन यांच्याकडे आली, २००४च्या अखेरीस याच भागात गुरे पाळणारे केव्हिन लनी यांनी ती घेतली, आणि ३१ डिसेंबर २०१४ रोजी ती कायमची बंद झाली. राज्यात पिकणाऱ्या कालवांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक माल या एका खाडीतून जात असे आणि सुमारे तीस माणसे तिथे कामाला होती.

बंद होण्याचे कारण तोटा नव्हता आणि रोगही नव्हता. १९६२ साली हा सारा किनारा राष्ट्रीय संरक्षित किनारा म्हणून जाहीर झाला. १९७२ साली जॉन्सन यांनी काठावरची पाच एकर जमीन नॅशनल पार्क सर्व्हिसला ७९,२०० डॉलरना विकली आणि पुढची ४० वर्षे ती वापरण्याचा हक्क करारात राखून ठेवला. १९७६ साली अमेरिकी काँग्रेसने खाडीला ‘संभाव्य वन्यक्षेत्र’ ठरवले, म्हणजे तिथला व्यवसाय संपला की ती पूर्ण वन्यक्षेत्र होणार होती. चाळीस वर्षांची मुदत ३० नोव्हेंबर २०१२ला संपत होती. तिच्या आदल्या दिवशी, पार्क सर्व्हिस ज्याच्या हाताखाली येते त्या अंतर्गत खात्याचे मंत्री केन सालाझार यांनी नवा परवाना देण्यास नकार दिला.

हा विषय आज काढण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की जानेवारी २०२५मध्ये झालेल्या तडजोडीनुसार त्याच भूशिरावरच्या १२ गोपालकांनी आपापली कुरणे सोडण्याचे मान्य केले, त्यामुळे जुना वाद पुन्हा बोलला जाऊ लागला आहे. दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांत कालवपालनाचे गट उभे राहत आहेत, आणि आज जे बांबू रोवत आहेत त्यांना चाळीस वर्षांनी कोणी उठवणार का, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माझे मत असे आहे की निर्णय कायद्याच्या चौकटीत होता, पण तो घेण्याआधी त्या शेतीवर निसर्गाची हानी केल्याचा जो आरोप ठेवला गेला, तो पुराव्यांना पेलणारा नव्हता, आणि हा अन्याय झाला. ठरलेली तारीख आली एवढ्या कारणावरून चांगला चाललेला व्यवसाय उठवावा का? आपली मते आणि अनुभव अवश्य लिहावेत.

खाडीकाठ

उठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी मालवण तालुक्यातला आहे. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तेव्हापासून आमच्याकडच्या मच्छीमारांच्या मनात जी धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही. नकाशावर रेषा ओढणारा माणूस त्या पाण्यावर जगत नसतो. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची राखण करतात, त्यांनाच आधी बाहेर काढायचे आणि मग पर्यटकांच्या होड्यांना परवानगी द्यायची, हे मला कधीच समजलेले नाही.

कालव तर असा जीव आहे की त्याला खाद्य घालावे लागत नाही. भरतीच्या पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिकण गाळून तो आपले पोट भरतो आणि पाणी निवळते. कोळंबीच्या तळ्यांना विरोध केला तर मी समजू शकतो, कारण तिथे खाद्य, औषधे आणि घाण पाणी यांचा प्रश्न असतो. कालवांना विरोध कशासाठी?

रानवाटा

खाडीकाठ, आपली धास्ती खरी आहे, पण दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजता येणार नाहीत. मालवणात लोकांना न विचारता अभयारण्य जाहीर झाले, असा मच्छीमारांचा मुख्य आक्षेप आहे. ड्रेक्स एस्टेरोत मालकाने स्वतः जमीन विकली, पैसे घेतले आणि चाळीस वर्षांचा वापर मागून घेतला. २००४ साली ज्यांनी ती शेती विकत घेतली, त्यांना करारात उरलेली वर्षे दिसत होती, आणि २०१२ नंतर मुदत वाढणार नाही असे पार्क सर्व्हिसने त्यांना २००५मध्येच कळवले होते.

सार्वजनिक जमीन मुदतीच्या करारावर वापरायला मिळाली असेल आणि मुदत संपताना वापरणारा म्हणाला की ‘मी चांगले काम करतो आहे, म्हणून मला राहू द्या’, तर पुढच्या प्रत्येक कराराला अर्थ उरणार नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संरक्षित वन्यक्षेत्राचा दर्जा असलेली सागरी खाडी अत्यंत दुर्मीळ आहे. ती मिळावी म्हणून लोकांनी १९७६पासून वाट पाहिली. त्यांच्या वाट पाहण्यालाही काही किंमत असली पाहिजे.

निशिगंध

आत्तापर्यंतच्या तिन्ही प्रतिसादांत त्या तीस कामगारांविषयी फक्त तटरेखा यांनी एक वाक्य लिहिले आहे. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगू शकेल का?

अधिवक्ता_पुणे

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण वृत्तपत्रांत हा भाग फार ढोबळपणे आला होता.

पहिला गुंता मालकीचा आहे. खाडीचा तळ मुळात कॅलिफोर्निया राज्याचा होता. १९६५ साली राज्याने तो केंद्राला दिला, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. त्या हक्काच्या आधारे राज्याचा मत्स्य आयोग पाण्यातल्या शेतीचे पट्टे देत राहिला, आणि २००४ साली त्याने ते २०२९पर्यंत वाढवले. म्हणजे पाण्यातला पट्टा २०२९पर्यंतचा आणि काठावरच्या जागेचा हक्क २०१२पर्यंतचा, अशी स्थिती होती. कालव पिकवणे ही मासेमारी आहे की शेती, या प्रश्नावर राज्य आणि केंद्र यांची उत्तरे वेगळी होती, आणि पार्क सर्व्हिसच्या परवान्याशिवाय तिथे काम करता येणार नाही ही केंद्राची भूमिका अखेर टिकली.

दुसरा गुंता २००९चा आहे. सिनेटर डायान फाइनस्टाइन यांच्या पुढाकाराने खर्चाच्या विधेयकात कलम १२४ घालण्यात आले. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी मंत्री या शेतीला दहा वर्षांचा परवाना देऊ शकतात, असा त्याचा आशय होता. ‘देऊ शकतात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यात सक्ती नव्हती. सालाझार यांनी न देण्याचे ठरवले आणि लनी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१३मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्यांच्या विरोधात निर्णय दिला. मंत्र्यांचा स्वेच्छाधिकार योग्य रीतीने वापरला गेला की नाही, हे तपासणे आपल्या अधिकारकक्षेत नाही, असे बहुमताने म्हटले. विरोधी मत देणारे न्यायाधीश वॉटफर्ड यांचे म्हणणे असे होते की १९७६चा कायदा परवान्याच्या आड येतो हा मंत्र्यांचा समजच चुकीचा होता आणि कलम १२४ नेमका तोच अडसर दूर करण्यासाठी आणले होते. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि तिथे विषय संपला.

रानवाटा, करार पाळावा हे मला मान्य आहे, पण ‘लोकांनी १९७६पासून वाट पाहिली’ हे विधान पूर्ण चित्र देत नाही. तो कायदा होताना त्या भागाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या आणि त्यासाठी झटलेल्या काही लोकप्रतिनिधींनी नंतर लिहून कळवले होते की कालवशेती पुढे चालू राहावी हाच त्यांचा हेतू होता. विधिमंडळाचा हेतू काय होता, यावर इतक्या वर्षांनी त्यांच्यातच एकमत नव्हते.

जलचर

मी किनारी परिसंस्थेचा अभ्यास करतो, म्हणून पुराव्यांच्या प्रश्नावर लिहिणे माझे कर्तव्य समजतो. या प्रकरणाने आमच्या क्षेत्राची जी हानी केली, तिचे मला आजही वाईट वाटते.

आरोप मुख्यतः तीन होते. कालवांच्या होड्यांमुळे तिथल्या सीलना पिल्लांच्या हंगामात त्रास होतो, कालवे टांगायच्या लाकडी मांडवांमुळे समुद्रगवत नष्ट होते, आणि परक्या जाती पसरतात. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ साली या सगळ्याची छाननी केली आणि पार्क सर्व्हिसने उपलब्ध माहिती निवडकपणे मांडली, तिचा अर्थ ताणला किंवा ती चुकीची सादर केली, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. त्या अहवालानुसार खाडीतल्या समुद्रगवताचे क्षेत्र १९९१ ते २००७ या काळात जवळपास दुप्पट झाले होते. मांडवांच्या थेट सावलीत गवत वाढत नाही हे खरे, पण संपूर्ण खाडीच्या मानाने ती जागा फार थोडी होती.

याहून गंभीर बाब सीलच्या निरीक्षणाची आहे. पार्क सर्व्हिसने २००७पासून खाडीवर स्वयंचलित कॅमेरे बसवले होते आणि त्यांतून अडीच लाखांहून अधिक छायाचित्रे जमा झाली होती. ती असल्याचे अकादमीच्या तपासणीच्या वेळी पुढे आलेच नाही. पुढे २०११मध्ये खात्याच्याच विधी विभागाने चौकशी केली. त्यात गैरवर्तनाचा ठपका ठेवला नाही, पण ही माहिती हाताळण्यात चुका झाल्याचे मान्य केले. त्याच वर्षी आलेल्या पर्यावरणीय अहवालाच्या मसुद्यात कालवांच्या होडीचा आवाज किती दूर जातो हे सांगताना त्या होडीचा आवाज मोजलाच नव्हता. न्यू जर्सीत १९९५ साली पोलिसांच्या जेट स्कीवर घेतलेली मोजमापे वापरली होती. छोट्या इंजिनाची होडी आणि जेट स्की यांच्या आवाजात किती अंतर असते, हे कोणत्याही बंदरावर उभे राहणाऱ्याला ऐकू येते.

इतके सांगून मी दुसरी बाजूही नोंदवतो. हानी सिद्ध झाली नाही याचा अर्थ हानी नव्हतीच असे होत नाही, आणि अकादमीनेही तसे म्हटलेले नाही. तिचे म्हणणे होते की मोठा प्रतिकूल परिणाम होत असल्याचा सबळ पुरावा नाही आणि शेती ठेवायची की काढायची हा शेवटी धोरणाचा प्रश्न आहे, विज्ञानाचा नाही. सालाझार यांनीही आपल्या निर्णयपत्रात वादग्रस्त आकडेवारी बाजूला ठेवून कायदा आणि धोरण यांचाच आधार घेतला. जो आधार शेवटी पुरेसा ठरला, तोच पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे सांगितला असता, तर सात वर्षांची कटुता टळली असती.

तटरेखा

जलचर, आपले शेवटचे वाक्य माझ्या मनातले आहे. ‘आम्हाला इथे मनुष्याचा व्यवसाय नको, खाडी मोकळी हवी’ ही भूमिका मी समजू शकते आणि तिच्याशी सन्मानाने मतभेदही ठेवू शकते. ‘तुम्ही सीलना मारता’ असे एखाद्या कष्टकऱ्याला सांगणे वेगळे आहे.

निशिगंध, माझ्या माहितीप्रमाणे त्या कामगारांत मेक्सिकोहून आलेली माणसे बरीच होती आणि त्यांच्यापैकी काहींची कुटुंबे शेतीच्या आवारातच राहत होती. ऑक्टोबर २०१४मध्ये झालेल्या समझोत्यात तिथे राहणाऱ्यांना पुनर्वसनासाठी साहाय्य देण्याची तरतूद होती.

बे_एरिया_सातारकर

मी त्या काळात सॅन होजेला राहत होतो आणि पाहुणे आले की आम्ही पॉइंट रेयसला जात असू. दीपस्तंभाच्या रस्त्यावरून डावीकडे कच्ची वाट खाडीकडे उतरत असे आणि टोकाला एक साधे, पांढरे, पत्र्याचे छप्पर असलेले घर होते. बाहेर रिकाम्या शिंपल्यांचे माणसाहून उंच ढीग असत. सुरुवातीला मला तो कचरा वाटला. तिथल्या एका वयस्कर कामगाराने समजावून सांगितले की तो पुढच्या पिकाचा पाया आहे.

पद्धत अशी होती. कालवांच्या अगदी बारीक अळ्या बीजकेंद्रातून येत. त्या कोमट समुद्रपाण्याच्या टाकीत जुन्या शिंपल्यांसोबत सोडल्या की शिंपल्यांना चिकटत. असे शिंपले तारेत ओवून, दोन शिंपल्यांमध्ये नळीचा तुकडा घालून, लांब माळा केल्या जात आणि त्या माळा खाडीतल्या लाकडी मांडवांवर टांगल्या जात. ही जपानकडून आलेली रीत होती. कालवे तळाला टेकत नसल्याने त्यांना वाळू लागत नसे आणि तळावरच्या खेकडे-तारामाशांपासूनही ती सुरक्षित राहत. दीड-दोन वर्षांनी माळा काढायच्या, गुच्छ फोडायचे, धुऊन प्रतवारी करायची. काही मांस तिथेच काढून बरण्यांत भरले जाई. असे काम करणारी ती कॅलिफोर्नियातली शेवटची जागा होती.

माझ्या आईने तिथल्या बाकावर बसून लिंबू पिळून एक कच्चे कालव खाल्ले आणि ‘मीठ बरोबर आहे’ एवढेच म्हणाली. दुसरे तिने खाल्ले नाही, घरी नेऊन कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवली आणि मग मात्र सगळ्यांनी बोटे चाटली.

मीनाक्षी_दापोली

सातारकर, आईंचा निर्णय अगदी योग्य होता. कालव कच्चे खाणे आपल्याला जमायचे नाही.

रानवाटा

सातारकर यांनी नळीचे तुकडे म्हटले, त्यावर लिहायला हवे. त्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या आणि पॉइंट रेयसच्या पुळणींवर त्या वर्षानुवर्षे सापडत राहिल्या. त्यांतला मोठा भाग जॉन्सन यांच्या काळातला असावा आणि लनी यांनी साफसफाईचे बरेच प्रयत्न केले, हेही मी नोंदवतो. शेती बंद झाल्यावर २०१६-१७मध्ये खाडीतून ९५ मांडव काढण्यात आले. ते दाब देऊन रसायन मुरवलेल्या लाकडाचे होते. तळावर शिंपल्यांचा आणि प्लास्टिकचा थर साचला होता, तोही काढावा लागला. हा खर्च शेवटी सरकारने केला.

परक्या जातींचा प्रश्नही जलचर यांनी थोडक्यात आटोपला. तिथे पिकवले जाणारे प्रशांत महासागरी कालव मुळात जपानचे आहे. त्या किनाऱ्याचे स्वतःचे लहानसे ऑलिम्पिया कालव एकोणिसाव्या शतकातल्या अतिरेकी उपशाने जवळपास संपले. शिवाय ‘डिडेम्नम’ नावाचा चिकट, पसरणारा परका जीव मांडवांवर आणि शिंपल्यांवर मोठ्या प्रमाणात वाढलेला आढळला होता. कठीण पृष्ठभाग मिळाला की तो वाढतो आणि उथळ मऊ तळाच्या खाडीत असा पृष्ठभाग मांडवांनीच पुरवला होता.

जलचर

रानवाटा, डिडेम्नमबद्दल आपण बरोबर आहात आणि तो मुद्दा मी अधिक सविस्तर लिहायला हवा, हे मान्य. त्यात एवढेच जोडतो की तो जीव त्या किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतही पसरलेला आहे, त्यामुळे मांडव काढले म्हणजे तो नाहीसा झाला असे म्हणता येत नाही. त्याचा आधार कमी झाला, हे मात्र निश्चित.

खाडीकाठ

प्लास्टिकच्या नळ्यांचा मुद्दा मला पटला. आमच्याकडे अजून हा प्रश्न उभा राहिलेला नाही, कारण बहुतेक गट बांबूचे तराफे आणि दोरीच वापरतात, पण आता काही ठिकाणी प्लास्टिकचे पिंप आणि नायलॉनचे दोर आले आहेत आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते सोडवून आणले नाहीत तर पहिल्याच उधाणात समुद्रात जातात. परवाना देतानाच सामान परत काढण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यायला हवे.

आमची रीत साधारण अशी आहे. आपल्याकडे बीज विकत आणावे लागत नाही, ते खाडीतच असते. पाण्याचा खारटपणा वाढला आणि अळ्या पाण्यात आल्या की जुन्या शिंपल्यांच्या माळा योग्य जागी टांगायच्या. बीज आपणहून चिकटते. आपले पाणी उबदार असल्याने वाढ लवकर होते आणि पुढच्या पावसाआधी माल काढता येतो. काढायला हवाच, कारण जून-जुलैत नदीचे गोडे पाणी उतरले की कालवे मोठ्या प्रमाणात मरतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरीन आणि केरळच्या अष्टमुडी भागात ही मांडव-माळेची पद्धत रुजवली आणि सिंधुदुर्गात ती मॅन्ग्रोव्ह सेलच्या (वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या) प्रकल्पातून बचत गटांपर्यंत आली.

कुर्ली

खाडीकाठ यांच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली आहे. शेती येण्याआधीही कालवे होतीच, आणि ती बायका काढत होत्या. माझी आजी आणि तिच्या बरोबरीच्या बायका ओहोटीला कोयती आणि टोपली घेऊन खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, जात, ओणव्याने तासन्‌तास कालवे फोडत आणि ती आठवड्याच्या बाजारात वाट्यावर विकत. त्या खडपावर कोणाचा पट्टा नव्हता. गावातली कोणतीही बाई जाऊ शके, आणि ज्या घरात मिळवते माणूस नाही, त्या घराला त्याचा आधार असे.

आता खाडीचा ठरावीक तुकडा एका गटाला मिळतो. गटात असलेल्या बायकांना त्याचा खरोखर फायदा झाला आहे, त्यांच्या नावावर पहिल्यांदा काही आले आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गटाबाहेर राहिलेल्या बाईला मात्र ‘इथे येऊ नको, आमचे बीज बसले आहे’ असे ऐकावे लागते. म्हणून ड्रेक्स एस्टेरोची चर्चा वाचताना मला पार्क सर्व्हिस आणि लनी या दोघांच्याही आधी तिथे कोण होते, हे जाणून घ्यावेसे वाटते.

अधिवक्ता_पुणे

कुर्ली, तिथे कोस्ट मिवोक लोक होते. त्या किनाऱ्यावर त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे जुने ढीग आजही सापडतात. खाडीला मात्र नाव मिळाले ते फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीचे, जो १५७९ साली तिथे उतरला असे मानले जाते. पुढे स्पॅनिश मिशनांच्या काळात त्या लोकांना गावे सोडावी लागली. ‘मानवाचा स्पर्श नसलेली भूमी’ ही वन्यक्षेत्राची कल्पना त्या किनाऱ्यावर लावताना हा इतिहास विसरला जातो, ही टीका अमेरिकेतही अनेक अभ्यासकांनी केली आहे.

हवापाणी

थोडे वेगळ्या दिशेने लिहितो, पण मूळ प्रश्नाशी संबंध आहे. सातारकर यांनी बीजकेंद्राचा उल्लेख केला. ओरेगॉनमधल्या व्हिस्की क्रीक या बीजकेंद्रात २००७-०८च्या सुमारास अळ्या मोठ्या प्रमाणात मरू लागल्या. आधी जिवाणूंवर संशय घेतला गेला. नंतर संशोधकांना आढळले की वाऱ्यामुळे खोल समुद्रातले थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते तेव्हा अळीला तिचे पहिले कवच बांधता येत नाही. आता तिथे पाण्याची आम्लता सतत मोजून ती दुरुस्त केली जाते. त्या किनाऱ्यावरची बहुसंख्य कालवशेती मोजक्या बीजकेंद्रांवर अवलंबून आहे. त्यामुळे ड्रेक्स एस्टेरोला परवाना मिळाला असता तरी पुढची दहा वर्षे निर्वेध गेली असती, असे धरून चालू नये. आपल्या खाड्यांत बीज नैसर्गिक आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती राखायची तर खाडीच्या वरच्या अंगाचे वाळूउपसे आणि सांडपाणी रोखावे लागेल.

मीनाक्षी_दापोली

आता त्या भागात गेले तर कालवे मिळतात का?

बे_एरिया_सातारकर

मीनाक्षीताई, मिळतात. शेजारच्या टोमालेस उपसागरात १९०९पासून चालत आलेली टोमालेस बे ऑयस्टर कंपनी आहे आणि १९८३मध्ये सुरू झालेली हॉग आयलंड कंपनीही आहे. तिथे फार पाऊस झाला की ठरावीक दिवस काढणी बंद ठेवावी लागते, कारण डोंगरउतारावरचे शेणपाणी खाडीत उतरते. जाण्याआधी चौकशी करावी.

निशिगंध

सातारकर यांच्या उत्तरातच मला मूळ प्रश्नाचा धागा दिसतो. टोमालेस उपसागर काही मैलांवर आहे, तिथेही सील आहेत, समुद्रगवत आहे, परकी कालवे आहेत, आणि तिथली शेती शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. म्हणजे कालवशेती आणि निसर्ग एकत्र नांदू शकत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. फरक फक्त कागदाचा आहे: एका पाण्यावर १९७६चा कायदा लागू होता आणि दुसऱ्यावर नव्हता.

असे असेल तर तटरेखा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो, बंद करता येते’ असे आहे, पण त्यासाठी बंद करणाऱ्याने किंमत मोजली पाहिजे. १९७२ साली जॉन्सन यांना मोबदला मिळाला. २०१४ साली ज्या कामगारांचे काम आणि घर दोन्ही गेले, त्यांचा कोणत्याही करारावर अंगठा नव्हता. वन्यक्षेत्र साऱ्या देशाला मिळाले आणि त्याची झळ तीस कुटुंबांनी सोसली.

रानवाटा

निशिगंध, कामगारांच्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. शेवटच्या समझोत्यात आलेली तरतूद २००५मध्येच यायला हवी होती, कारण शेवट कधी होणार हे तेव्हाही माहीत होते. बाकी माझे मत बदललेले नाही. टोमालेसला शेती आहे, म्हणूनच ड्रेक्स एस्टेरो मोकळी ठेवणे परवडते. प्रत्येक खाडीतून माल निघालाच पाहिजे, असा आग्रह धरला तर आपल्या मुलांना न वापरलेली खाडी कशी असते हे कधीच कळणार नाही.

खाडीकाठ

रानवाटा, आमच्या जिल्ह्यात न वापरलेली खाडी शोधून सापडणार नाही, आणि मला ती नकोही आहे. मला नीट वापरलेली खाडी हवी आहे. इथे आपले एकमत होणार नाही, पण आपण मुद्दे सोडून काही लिहिले नाहीत, याबद्दल आभार.

तटरेखा

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्यामुळे मला माझा प्रश्न अधिक नेमका करता येतो. ज्यांच्या गावी कालवपालनाचे गट आहेत, त्यांनी आपापल्या मंजुरीच्या कागदात या गोष्टी आहेत का, हे कृपया पाहून इथे लिहावे: मुदत किती वर्षांची आहे आणि ती संपल्यावर नूतनीकरण कोणत्या निकषांवर होईल, पाण्याची मंजुरी आणि काठावरच्या जागेची मंजुरी एकाच खात्याकडून, एकाच मुदतीची आहे का, कांदळवनाजवळ असल्यास वन विभागाची संमती लेखी आहे का, सामान काढण्याची जबाबदारी कोणाची आहे, आणि कुर्ली यांनी सांगितले त्याप्रमाणे गटाबाहेरच्या बायकांना खडपावर जाण्याचा हक्क कुठे नोंदवलेला आहे का.

कुर्ली

आमच्या गावच्या गटाचा कागद मी आज पाहिला. मुदत लिहिलेली आहे, नूतनीकरणाविषयी काही नाही. काठावरच्या ज्या शेडमध्ये माल धुतला जातो, तिचा उल्लेखच नाही. खडपाविषयीही काही नाही. गटाच्या अध्यक्षबाईंना हे दाखवले आहे आणि पुढच्या ग्रामसभेत त्या दोन ठराव मांडणार आहेत, एक शेडचा आणि एक खडपाचा. अधिवक्ता, ठरावाचा मसुदा आपण एकदा नजरेखालून घालाल का?

अधिवक्ता_पुणे

अवश्य. कागदाची प्रत आणि गाव नमुना खासगी निरोपात पाठवा. शेड कोणाच्या जमिनीवर आहे, हे सर्वांत आधी पाहू.